साताऱ्या-सांगलीतून आकाश बघायचंय? पहिली दुर्बीण निवडताना

पहिला महिना दुर्बीण घेऊच नका. पावसाळा सरला की दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंत आपल्याकडे बहुतेक रात्री आकाश मोकळं असतं. तेवढ्या काळात मृग, कृत्तिका, रोहिणी, व्याध, पुनर्वसू आणि शर्मिष्ठा नुसत्या डोळ्यांनी ओळखता यायला हव्यात. सहा इंची दुर्बिणीत एका वेळी जेमतेम एक अंश आकाश दिसतं, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी मावतील एवढंच. कुठे रोखायची हे माहीत नसेल तर तासभर काळोखच दिसत राहतो. फोनवर स्टेलेरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप घ्या, पण त्यातला लाल रंगाचा नाइट मोड लावून ठेवा. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या उजेडाने ती सगळी वाया जातात. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर रबराने बांधले तरी काम भागतं.

हात लांब केला की मूठ साधारण 10 अंशांची भरते. सांगलीतून ध्रुवतारा क्षितिजापासून 17 अंशांवर असतो, म्हणजे दोन मुठींपेक्षाही कमी. समोर इमारत किंवा डोंगर असला तर तो दिसतच नाही. याची भरपाई दक्षिणेला होते. हिवाळ्यात अगस्ती 20 अंशांपर्यंत चढतो, आणि एप्रिल-मेच्या रात्री नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ 25 अंशांवर येतो. युरोपात बहुतेक ठिकाणी तो उगवतही नाही. म्हणून जागा निवडताना दक्षिण क्षितिज मोकळं आहे का, हे आधी बघा.

उंची हवी म्हणून बरेच जण कास, महाबळेश्वरकडे धावतात. तिथे धुकं आणि दव जास्त, शिवाय कासचं पठार संरक्षित आहे, रात्री तुडवायची ती जागा नव्हे. चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत त्या वाऱ्यामुळेच, आणि तोच वारा दुर्बिणीची नळी हलवतो. आमच्या मते पूर्वेला जावं: माण, खटाव, आटपाडी, जत. पर्जन्यछायेतली कोरडी हवा, विरळ वस्ती, कमी दिवे. ओळखीच्या शेतातलं खळं गच्चीपेक्षा चांगलं. गच्चीचा कोबा दिवसभर तापलेला असतो, त्यावरची हवा रात्री थरथरते आणि ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे दिसतात.

पहिली खरेदी 10×50 बायनॉक्युलरची, म्हणजे 10 पट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची. दुकानात दोन गोष्टी तपासा. लांबच्या विजेच्या खांबाकडे बघा. तारा दुहेरी दिसल्या किंवा डोळ्यांवर ताण आला तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत, तो नग नको. मग हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे रोखा: आयपीसमधले (डोळा लावायच्या भिंगातले) उजेडाचे ठिपके पूर्ण गोल हवेत, कडा चौकोनी आणि करड्या दिसल्या तर आतले प्रिझम हलक्या प्रतीचे आहेत. कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवली की गुरूचे चंद्र, देवयानी दीर्घिका आणि मृगातला तेजोमेघ दिसतात. 20×80 हातात धरून बघता येत नाही, तिला भक्कम ट्रायपॉड लागतोच.

पुढची पायरी 150 मिमी, म्हणजे सहा इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण. खोक्यावर '525 पट' छापलेली 70 मिमीची दुर्बीण अजिबात घेऊ नका. व्यासाच्या मिलिमीटरमागे दोन पट ही वरची मर्यादा, म्हणजे 140. त्यापुढे चित्र मोठं होतं आणि धुरकट होतं. वर तिचा ट्रायपॉड नुसत्या बोटाच्या स्पर्शाने डुलतो. डॉब्सोनियन लाकडी पेटीवर बसते, हलत नाही. नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर) 1200 मिमी असेल तर त्याला आयपीसच्या आकड्याने भागायचं: 25 मिमी आयपीसने 48 पट आणि 10 मिमीने 120 पट मिळतात; सुरुवातीला एवढं पुरे. शनीची कडी 2025 मध्ये आपल्याला काठावरून दिसत होती, आता ती दरवर्षी थोडी उघडत जाईल.

इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ध्रुवताऱ्याकडे झुकवलेल्या अक्षावर दुर्बीण फिरवणारा आधार, टाळा. त्याचा अक्ष इथे 17-18 अंशांवर झुकवावा लागतो. बरेच स्वस्त माउंट त्याहून उत्तरेच्या अक्षांशांसाठी बनवलेले असतात; इतके खाली आणले की तोलाचं वजन ट्रायपॉडच्या पायाला अडतं.

दुर्बीण आली की फाइंडर, म्हणजे नेम धरायला वर बसवलेली छोटी दुर्बीण, दिवसाच जुळवा. किमान एक किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर 25 मिमीच्या आयपीसमध्ये मधोमध आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणा. हे करताना सूर्य पाठीशी हवा. दुर्बिणीतून किंवा फाइंडरमधून सूर्याकडे क्षणभरही बघायचं नाही, दृष्टी कायमची जाते. रात्री दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढा. आरसा हवेइतका गार झाला नाही तर प्रतिमा तरंगते.

आपल्याकडे दुर्बिणी बिघडतात त्या जास्त करून पावसाळ्यात. दव पडलेली काच लगेच झाकून ठेवली की बुरशी धरते. आधी घरात उघडी वाळवा, मगच टोपणं लावा. जूनपासून आयपीस आणि बायनॉक्युलर हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा. आरशावर धूळ दिसली तरी फडकं फिरवू नका. धुळीने प्रतिमा फारशी बिघडत नाही, पुसल्याने पडलेले चरे मात्र कायमचे राहतात.