रेसलिंग मॅचचा रिव्ह्यू लिहायचाय? मग आधी हे बघा

पहिल्यांदा मॅच नुसती बघा, वही-पेन नको, दुसऱ्यांदा बघताना नोट्स काढा. आणि मॅच कुठली आहे त्याचे नियम आधी माहीत करून घ्या, कारण डब्ल्यूडब्ल्यूईत रिंगबाहेर गेलं की रेफरी १० पर्यंत मोजतो, तेवढ्यात आत यावं लागतं, न्यू जपानमध्ये (जपानची रेसलिंग कंपनी) २० पर्यंत, म्हणून तिकडे बाहेरची मारामारी निवांत चालते. मेक्सिकोच्या लुचा लिब्रेत (तिथल्या रेसलिंगच्या प्रकारात) तर पार्टनर रिंगबाहेर पडला की टॅग (हाताला हात लावून अदलाबदल) न करताच दुसरा आत येतो, हे माहीत नसलं की लोक उगाच "रेफरी झोपलाय का" असं लिहितात, मला खरंच वाईट वाटतं.

सुरुवात करायची तर न्यू जपानची ओकाडा विरुद्ध केनी ओमेगा मॅच, ४ जानेवारी २०१७, टोकियो डोम घ्या. ४६ मिनिटांच्या पुढे जाते, सुरुवात संथ आहे पण पळवू नका, शेवटी ओमेगाचा वन-विंग्ड एंजल, म्हणजे त्याचा मॅच संपवणारा डाव, लागतच नाही यातच सगळी मजा आहे. मग अंडरटेकर-शॉन मायकल्स, रेसलमेनिया २५ (डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा शो), तिथे मूव्ह्ज मोजू नका, किकआउटनंतरचे (रेफरीचे तीन मोजून व्हायच्या आत पिनमधून सुटल्यावरचे) चेहरे बघा. स्टार्स शेवटी द्या, आणि लुचाला जपानच्या फूटपट्टीने मोजू नका प्लीज.