हेड उतरवण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. टो होऊन गॅरेजला आलेल्या अशा गाडीचं निदान एका वाक्यात उरकतं: "हेड गॅस्केट उडाली." म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याचं वरचं झाकण, म्हणजेच हेड, यांच्यामधली सील गेली. ते खरंही असतं, पण अर्धंच. तापल्यामुळे गॅस्केट गेली, की गॅस्केट गेल्यामुळे गाडी तापली? हे खोलाखोलीच्या आधी बघायचं असतं. कूलंट ओतून दिलं आणि होस सुटले, की निम्मा पुरावा गटारात गेला.

म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आधी बाहेरून बघा. वॉटर बॉडीखाली, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाखाली, सुकलेल्या कूलंटचा ओघळ आहे का? रेडिएटरचं झाकण दाब धरतं का? एसी लावल्यावर पंखा फिरतो का?

तापमानाच्या काट्यावर विसंबणं ही चालकाची सर्वांत महागडी चूक. कूलंट संपत आलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. "गाडी थंड झाली" म्हणत माणूस आणखी चार किलोमीटर जातो आणि पिस्टन जाम होतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणं तर विचारूच नका, हेडला तडा जायला तेवढं पुरतं.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली, की गॅस्केट गेली असंही धरू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात ती वाफेनेही धरते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल, तर मात्र काळजी करा.

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजताना, नुसते आकडे वाचू नका, ते कुठले आहेत ते बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील, तर संशय मधल्या गॅस्केटवर. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

हेड उतरल्यावरही घाई होतेच. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून बिडाच्या ब्लॉकवर बसलेलं ॲल्युमिनियमचं हेड तापल्यावर वाकतं. सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावल्याशिवाय नवी गॅस्केट बसवू नका. बऱ्याच छोट्या इंजिनांत मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करायला, देताना तडा तपासायलाही सांगा.

पिस्टन बाहेर आले तर ते धुण्याआधी बघा. माझ्या मते सगळ्यांत खरं तेच बोलतात. गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही बाजूंना, अशा चार ठिकाणी ओरखडे असतील, तर पिस्टन तापून फुगला होता. माथ्यालाच भोक पडलं असेल, तर फक्त कूलंटला दोष देऊन चालणार नाही. इंजेक्टर आणि टायमिंगही तपासा.

जुना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, मागून घ्या आणि तापत्या पाण्यात टाकून बघा. त्यावर ८२ कोरलेलं असेल, तर साधारण तेवढ्या अंशांना तो उघडायला लागला पाहिजे. "आपल्याकडे उन्हाळा, त्याची गरज नाही, काढून टाकला" असं मिस्त्री म्हणाला, तर नवा बसवायला लावा. काही इंजिनांत गरम झाल्यावर बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) तोच बंद करतो. तो नसला, की पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरतं आणि गाडी पुन्हा तापते.