नोड.जेएसमधील मॉड्यूल आणि सोर्स मॅप : या चुका टाळा

बाजार समितीचे सोयाबीन-तुरीचे भाव दाखवणारी किंवा शिकवणी वर्गांच्या फीची नोंद ठेवणारी प्रणाली लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात बहुधा दोघा-तिघांचीच मंडळी तयार करतात. जो कोड लिहितो तोच तो सर्व्हरवर चढवतो आणि रात्री प्रणाली बंद पडली की फोनही त्यालाच येतो. अशा वेळी लॉगमधील, म्हणजे प्रणालीने स्वतः लिहिलेल्या नोंदींतील, त्रुटी आपण लिहिलेल्या ओळीकडे बोट दाखवते की नाही, यावर दुरुस्तीचा वेळ ठरतो. म्हणून कोड बदलण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात : ही फाइल नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) कोणत्या मॉड्यूल पद्धतीने, म्हणजे एका फाइलला दुसरीचा कोड जोडून देण्याच्या कोणत्या रीतीने, वाचत आहे, आणि लॉगमध्ये दिसणारा ओळ क्रमांक कोणत्या फाइलचा आहे.

मॉड्यूलची पद्धत गृहीत धरणे

नोडमध्ये दोन पद्धती एकत्र नांदतात. रिक्वायर वापरणारी कॉमनजेएस ही जुनी पद्धत आहे, तर इम्पोर्ट वापरणारी ईएस मॉड्यूलची पद्धत जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या एक्मास्क्रिप्ट मानकातून आली. डॉट एमजेएस फाइल नेहमी नव्या पद्धतीने आणि डॉट सीजेएस फाइल नेहमी जुन्या पद्धतीने वाचली जाते; साध्या डॉट जेएस फाइलबाबत जवळच्या पॅकेज.जेसन या प्रकल्पाची माहिती ठेवणाऱ्या फाइलमधील ‘टाइप’ ही नोंद निर्णायक ठरते. ती नोंद नसेल तर अलीकडच्या आवृत्त्या कोडची रचना पाहून अंदाज बांधतात, परंतु सर्व्हरवर जुनी आवृत्ती असल्यास तोच प्रकल्प तेथे कोसळतो. ‘टाइप’ नेहमी स्पष्ट लिहावा.

टाइपस्क्रिप्ट (प्रकार लिहिता येणारी जावास्क्रिप्ट, जी कंपाइलर साध्या जावास्क्रिप्टमध्ये बदलतो) वापरणाऱ्यांची सर्वाधिक घोटाळ्याची जागा हीच आहे. कंपाइलरच्या मांडणीत एक पद्धत आणि पॅकेज.जेसनमध्ये दुसरी असली, तर कंपाइलर तक्रार न करता फाइल तयार करतो आणि चालवताना मात्र ‘मॉड्यूलबाहेर इम्पोर्ट चालत नाही’ किंवा ‘रिक्वायर अस्तित्वात नाही’ अशा अर्थाची त्रुटी येते. कंपाइलरच्या ‘मॉड्यूल’ पर्यायात ‘नोडनेक्स्ट’ ठेवल्यास तोही पॅकेज.जेसनच वाचतो आणि ही फारकत राहत नाही.

ईएस मॉड्यूलमध्ये स्वतःच्या फाइलचा मार्ग देताना विस्तार, म्हणजे फाइलनावाचा डॉटनंतरचा भाग, लिहावाच लागतो. मूळ फाइल डॉट टीएस असली तरी कंपाइल होणाऱ्या प्रकल्पात साधारणपणे डॉट जेएसच लिहावा. विंडोज लॅपटॉपवर चालणारा कोड लिनक्स सर्व्हरवर ‘मॉड्यूल सापडले नाही’ म्हणत असेल, तर फाइलनावातील लहान-मोठी अक्षरे आधी पाहावीत, कारण विंडोज सहसा हा फरक मानत नाही आणि लिनक्स मानतो. जुन्या पद्धतीतील डिरनेम (चालू फाइलचा फोल्डर सांगणारे चल) नव्या पद्धतीत मिळत नाही; आवृत्ती २०.११ पासून त्याची जागा इम्पोर्ट.मेटा.डिरनेमने घेतली आहे.

२२.१२ या आवृत्तीपासून ईएस मॉड्यूल थेट रिक्वायर करता येते, परंतु त्या मॉड्यूलमध्ये किंवा त्याने ओढून घेतलेल्या कोणत्याही मॉड्यूलमध्ये वरच्या पातळीवर, म्हणजे कोणत्याही फंक्शनबाहेर, अवेट (एखादे काम पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सूचना) असेल, तर ते नाकारले जाते.

सोर्स मॅप आहे, पण वाचला जात नाही

सोर्स मॅप ही जेसन फाइल असते. तयार झालेल्या कोडमधील कोणती जागा मूळ फाइलच्या कोणत्या ओळीशी व स्तंभाशी जुळते, हे तिच्या ‘मॅपिंग्ज’ भागात संक्षिप्त सांकेतिक रूपात असते, आणि तयार फाइलच्या शेवटची एक टिप्पणी तिचा पत्ता सांगते. कंपाइलरने मॅप बनवला म्हणजे नोड तो आपोआप वापरेल, अशी समजूत अनेकांची असते. ती चुकीची आहे. नोडला ‘इनेबल-सोर्स-मॅप्स’ हा पर्याय द्यावा लागतो आणि तो आवृत्ती १२.१२ पासून उपलब्ध आहे. हा पर्याय अनेकदा एनपीएम या नोडच्या पॅकेज साधनाच्या स्टार्ट आज्ञेत लिहिलेला असतो, पण सर्व्हरवर सिस्टमडी (लिनक्सवर कार्यक्रम सुरू ठेवणारी व्यवस्था) जावास्क्रिप्टची फाइल थेट चालवते, त्यामुळे पर्याय वगळला जातो. अशा ठिकाणी सेवेच्या मांडणीतच नोड ऑप्शन्स हे पर्यावरण चल भरणे अधिक भरवशाचे ठरते.

पर्याय दिल्यानंतरही ओळी चुकत असतील, तर मॅप आणि फाइल एकाच बिल्डमधील, म्हणजे तयार कोड बनवण्याच्या एकाच फेरीतील, आहेत का ते पाहावे. जेथे इंटरनेट रखडते तेथे फक्त बदललेल्या फाइली चढवण्याची सवय पडते आणि जुना मॅप नव्या फाइलशेजारी तसाच राहतो. मॅप मुळीच नसण्यापेक्षा हे अधिक घातक आहे, कारण तेथे दिसणारी ओळ खरी वाटते आणि तास-दोन तास निर्दोष फंक्शन तपासण्यात जातात. दर वेळी आउटपुट फोल्डर रिकामा करून पूर्ण बिल्ड करावे आणि तो फोल्डर अखंड पाठवावा. बिल्डनंतर फाइलच्या माथ्यावर परवान्याची ओळ चिकटवल्यासही मॅपमधील सर्व ओळी एकाने सरकतात; अशी ओळ बिल्डच्या साधनाकडूनच जोडून घ्यावी.

कंपाइल केल्यानंतर कोड आणखी लहान करणारे दुसरे साधन चालवत असाल, तर पहिला मॅप त्याला इनपुट म्हणून दिला गेला पाहिजे, अन्यथा अंतिम मॅप मूळ टाइपस्क्रिप्टपर्यंत न पोहोचता मधल्या जावास्क्रिप्टवरच थांबतो. एखाद्या लॉगिंग लायब्ररीने एरर.प्रिपेअरस्टॅकट्रेस (त्रुटीचा तपशील कसा छापायचा हे ठरवणारे फंक्शन) बदलले असेल तरीही मॅपचा उपयोग होणे थांबू शकते. हे सर्व ताडण्यासाठी नव्या बिल्डमध्ये ठाऊक असलेल्या ओळीवर मुद्दाम त्रुटी फेकून लॉग पाहावा.

मॅपमध्ये मूळ कोडचा संपूर्ण मजकूर साठवता येतो, म्हणून आउटपुट फोल्डर संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवू नये. शिवाय स्टॅक, म्हणजे त्रुटी कोणकोणत्या फंक्शनांतून आली याची यादी, वाचताना मॅपवरून हिशोब करावा लागतो. जो कोड सतत त्रुटी फेकून त्यांचा स्टॅक वाचतो, तो या पर्यायामुळे मंदावतो.

आवृत्ती २२.१८ पासून नोड टाइपस्क्रिप्ट फाइल थेट चालवतो. प्रकारांच्या जागी तो रिकामी जागा ठेवतो, त्यामुळे ओळ आणि स्तंभ जागेवरच राहतात आणि मॅपची गरज उरत नाही. मात्र एनमसारखी (ठराविक नावांची यादी) ज्यांचे रूपांतर करावे लागते अशी रचना वापरली असेल, तर ही सोय पुरत नाही, आणि त्या प्रकल्पाला बिल्ड व मॅप दोन्ही ठेवावे लागतात.