पॉक्सो खटल्यात सपोर्ट पर्सन होताय? मुलाला 'तयार' करू नका

पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा; त्याचे खटले विशेष न्यायालयात चालतात. तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहून त्याला मदत करणारी व्यक्ती म्हणजे सपोर्ट पर्सन. त्यांची नेमणूक बालकल्याण समिती (काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीची जिल्ह्यातली समिती) करते, पॉक्सोच्या २०२० च्या नियमांतल्या नियम ४ खाली, मूल आणि पालक यांच्या संमतीने. नेमणुकीच्या पत्राची प्रत पहिल्या दिवसापासून पिशवीत असू द्या. बंद दालनातल्या सुनावणीत तुम्ही कोण, हे तोंडी सांगून भागत नाही.

चांगल्या मनाच्या माणसाचा घात होतो तो साक्षीच्या आदल्या आठवड्यात. मूल घाबरलेलं असतं, तारखा विसरलेलं असतं. आपण जवळ घेऊन म्हणतो, "आठव बरं, तेव्हा शाळेला सुट्टी होती ना?" तिथेच चूक होते. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांकडून मवाळ प्रश्न येतो, "हे असं सांगायचं, हे कोणी सांगितलं?" मूल खरं तेच बोलतं, "ताईंनी." खरोखर घडलेली गोष्ट मग पढवलेली ठरते. सुट्टीची आठवण, शर्टाचा रंग, "आधी काय झालं?" असला साधा प्रश्न, यातलं काहीही नको. घटनेबद्दल आपण तोंड उघडायचंच नाही. जबाब मुलाला वाचून दाखवू नका आणि पालकांनाही घरी उजळणी घेऊ देऊ नका. खटल्याच्या बाजूने बोलायला सरकारी वकील आहेत.

मूल आपणहून काही नवं बोललं तर ऐका, खोदून विचारू नका. त्याचेच शब्द त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहा आणि तपास अधिकाऱ्यांना कळवा. "आम्ही मुलांना पक्कं करूनच नेतो" असं अभिमानाने सांगणारे अनुभवी लोक भेटतील. त्यांच्याकडून शिकू नका. एका दिवसाच्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्रापेक्षा मुलांना न पढवणाऱ्या एखाद्या मुरलेल्या सपोर्ट पर्सनचं मार्गदर्शन लाखमोलाचं.

मग करायचं काय? भरपूर आहे, घाबरू नका. न्यायाधीशांची परवानगी काढून मुलाला रिकामं दालन दाखवा: कोण कुठे बसतं, आपण कुठे उभं राहायचं. "आठवत नाही", "प्रश्न कळला नाही", "पाणी हवंय" ही तिन्ही वाक्यं चालतात, हे सांगा. पॉक्सो कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारायचे असतात आणि मुलाला मधे विश्रांती द्यायची असते. आरोपी नजरेस पडू नये यासाठी कलम ३६ आहे, पण पडदा आयत्या वेळी सापडत नाही. दोन दिवस आधी सरकारी वकिलांना आठवण करा. कॉरिडॉरमध्ये आरोपीचे नातेवाईक असतात, म्हणून थांबायची वेगळी जागा आधीच ठरवून ठेवा. डबा सोबत घ्या. पुकारा दुपारनंतरही होतो.

एफआयआरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका, मार्गदर्शकालाही नाही.

समितीला दरमहा अहवाल द्यायचा असतो. त्यात तारीख का पुढे गेली, मूल शाळेत जातंय का, नियम ९ खालच्या अंतरिम (खटला संपण्याआधीच मिळणाऱ्या) भरपाईचा अर्ज झाला का, एवढं नेमकं लिहा. आणि मूल कारण न सांगता तुम्हाला बदलून मागू शकतं. तसं झालं तर वाईट वाटेल, पण त्याला "का?" विचारू नका. नोंदींची वही समितीकडे द्या आणि नव्या व्यक्तीला पुढची तारीख सांगा.