क्लबच्या सभेत पाहुणे वक्ते : या चुका टाळा

रोटरी किंवा लायन्स क्लबच्या सभेतील व्याख्यान रंगले नाही की दोष बहुधा वक्त्याच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात ते निमंत्रणाच्या फोनवरच फसलेले असते. “पुढच्या मंगळवारी या, तुमच्या आवडीच्या विषयावर बोला,” एवढेच सांगितले गेल्यामुळे समोर कोण बसणार, किती वेळ मिळणार आणि आपल्या आधी काय काय होणार, यांपैकी काहीच वक्त्याला ठाऊक नसते.

सर्वांत मोठी चूक वेळेची. साडेसातची सभा पावणेआठला सुरू होते. राष्ट्रगीत, अध्यक्षांचे मनोगत, सभासदांचे आणि त्यांच्या लग्नाचे वाढदिवस, सचिवांच्या सूचना, नव्या सभासदाला पिन लावण्याचा सोहळा हे सारे उरकेपर्यंत साडेआठ वाजतात, आणि मग तासाभराची तयारी करून आलेल्या पाहुण्यांना “वेळेअभावी थोडक्यात” बोलण्याची विनंती केली जाते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत श्रोता व्याख्यानासाठीच येतो. क्लबचा सभासद मात्र भेटीगाठी आणि जेवणासाठीही आलेला असतो. म्हणून येथे वीस ते पंचवीस मिनिटांचे भाषण आणि दहा मिनिटांची प्रश्नोत्तरे हेच प्रमाण योग्य ठरते. जेवणाची वेळ आधी ठरवावी, तिथून मागे मोजत यावे आणि कात्री लावायचीच असेल तर ती वाढदिवसांना लावावी. भाषण लांबल्यास पाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी मिळेल, हे वक्त्याला आधीच सांगून ठेवावे. म्हणजे ऐनवेळी ती चिठ्ठी अपमानास्पद वाटत नाही.

श्रोत्यांना काय माहीत आहे, हे वक्त्याला न सांगणे ही दुसरी चूक. रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम १९८५ मध्ये हाती घेतला आणि भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र २०१४ मध्ये मिळाले. लसीकरणाच्या बूथवर वर्षानुवर्षे राबलेल्या सभासदांना एखादे डॉक्टर पोलिओची लक्षणे समजावून सांगू लागले, तर त्यात डॉक्टरांचा काय दोष?

परिचय दोन मिनिटांत संपावा. वक्त्याने पाठवलेला चार पानी तपशील जसाच्या तसा वाचू नये आणि नावाचा उच्चार आधी विचारून घ्यावा. परिचय करून देणाऱ्याला वक्त्याशी असलेला आपला शाळेपासूनचा स्नेह सांगण्याचा मोह होतो. तो जेवणाच्या टेबलासाठी राखून ठेवलेला बरा.

स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्याला बोलावताना अधिक जपावे लागते. आदिवासी पाड्यावरील शाळेविषयी ऐकून सभागृह हेलावते, अध्यक्ष त्याच भरात व्यासपीठावरून मदत जाहीर करतात आणि संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत निधीच नसल्याचे निष्पन्न होते. कार्यकर्ता मात्र ती घोषणा आपल्या विश्वस्तांना कळवून मोकळा झालेला असतो. मंडळाचा ठराव होण्यापूर्वी रकमेचा उच्चार करू नये, आणि केवळ व्याख्यानाचेच निमंत्रण असेल तर तसे आधी स्पष्ट सांगावे. पेट्रोलचा खर्च वा मानधन देणार की नाही, हेही संकोच न करता बोलून घ्यावे. शाल-श्रीफळाने प्रवासखर्च भागत नाही.

निवडणुकीच्या दिवसांत इच्छुक उमेदवार समाजकार्यावर बोलायला आनंदाने तयार होतात. रोटरीच्या धोरणानुसार क्लबला कोणत्याही उमेदवाराचा पुरस्कार करता येत नाही, त्यामुळे अशा काळात एकट्या उमेदवाराला व्यासपीठ देऊ नये.

तांत्रिक अडचणींपैकी मराठी फॉन्टची अडचण हमखास येते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेले सादरीकरण क्लबच्या लॅपटॉपवर उघडले की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. त्यासाठी वक्त्याकडून पीडीएफ प्रत आदल्या दिवशी मागवून प्रोजेक्टरवर पाहून घ्यावी. माईकची चाचणीही सभासद येण्यापूर्वीच उरकावी.

वक्ता ऐनवेळी न आल्यास सूचनांचा पाल्हाळ लावून वेळ भरू नये. रोटरीत सभासदाने आपल्या व्यवसायाविषयी बोलण्याची जुनी प्रथा आहे. एखाद्या सभासदाचे असे पंधरा मिनिटांचे भाषण कार्यक्रम समितीने नेहमी तयार ठेवावे, आणि न आलेल्या पाहुण्यांना दुसऱ्याच दिवशी फोन करून पुढची तारीख ठरवून घ्यावी.