प्लांट इकॉलॉजीच्या लॅबमध्ये पहिल्यांदाच काम करताय? या चुका टाळा

एप्रिलमध्ये शेवटचा पेपर झाला की बडोद्यातली बीएस्सीची मुलं विचारायला येतात, "सुट्टीत इकॉलॉजीच्या लॅबमध्ये काही काम मिळेल का?" उत्साह खरा असतो, पण वेळ चुकलेली असते. मे महिन्यात बडोद्याच्या पूर्वेकडच्या जांबुघोडा अभयारण्याच्या जंगलात साग निष्पर्ण असतो आणि जमिनीवर वाळका पाला. गवतं आणि लहान रोपं उगवतात जूनअखेरच्या पावसावर, फुलतात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, आणि दिवाळीनंतर वाळून जातात. म्हणून विचारायचं जानेवारी-फेब्रुवारीत, पावसाळ्यातले प्लॉट, म्हणजे मोजणीसाठी आखलेले जमिनीचे तुकडे, कुठे टाकायचे हे ठरत असताना. "मी सप्टेंबरपर्यंत दर शनिवार-रविवार येईन" असं सांगणारा मुलगा दोन महिन्यांच्या सुट्टीत येणाऱ्यापेक्षा लॅबला जास्त हवा असतो.

चार वर्षांच्या पदवीत शेवटचं वर्ष संशोधनासह करायचं असेल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. तिथवर पोचल्यावर लॅब शोधायला निघू नका, दुसऱ्या वर्षीच पाय ठेवा.

ईमेलची चूक सगळ्यांना माहीत आहे, तरी होते. एकच मजकूर पंधरा जणांना पाठवायचा आणि वर नावही चुकवायचं. त्यापेक्षा ज्या मॅडमच्या लॅबमध्ये काम हवंय त्यांचा एक शोधनिबंध वाचा, न कळलेली एक गोष्ट विचारा आणि तुम्हाला काय येतं ते लिहा. गुजराती बोलता येतं हेसुद्धा लिहा, फील्डवर त्याचा फार उपयोग होतो.

आता फील्डवर. सगळ्यात जास्त नुकसान नावांमुळे होतं. आपल्या घरी पळस म्हणतात, जांबुघोड्याचे राठवा काका त्याच झाडाला खाखरो म्हणतात आणि फुलांना केसुडो. वहीत एका प्लॉटला पळस, दुसऱ्याला खाखरो, तिसऱ्याला केसुडो लिहिलं की एक्सेलमध्ये एका झाडाच्या तीन जाती होतात आणि जंगल आहे त्यापेक्षा समृद्ध दिसायला लागतं. टेंभुर्णी आणि टिमरू यांचंही तेच. स्थानिक नाव जरूर लिहा, ते मोलाचं असतं, पण शेजारी शास्त्रीय नाव हवंच: ब्यूटिया मोनोस्पर्मा. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव ठोकू नका. "अनोळखी १" लिहा, फांदी वर्तमानपत्रात दाबा, फोटो काढा. मोबाइल ॲपने सुचवलेलं नाव ही सुरुवात आहे, उत्तर नाही. अभयारण्यातून मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानसुद्धा तोडायचं नाही.

दुसरी चूक टेपची. आपल्याकडे झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. उतारावर असाल तर वरच्या बाजूने उंची धरा, आणि त्या उंचीच्या खालीच खोड फुटलं असेल तर प्रत्येक खोड वेगळं मोजा. मग तो आकडा घेराच्याच रकान्यात गेला पाहिजे. ९४ सेंमी घेराच्या झाडाचा व्यास ३० सेंमी भरतो. ९४ हाच व्यास म्हणून भरला तर खोडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ जवळपास दहापट होतं, आणि सगळं गणित बरोबर असूनही निकाल चुकतो. रकान्याच्या डोक्यावर "घेर, सेंमी" इतकं लिहिलं तर हे टळतं.

लेबलांबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या तिसऱ्या वर्षी आम्ही यातच मार खाल्ला. चाळीस चौकटींतलं, म्हणजे छोट्या चौकोनी प्लॉटमधलं, गवत कापून कागदी पिशव्यांत भरलं होतं, नंबर शाईच्या पेनाने. परतीच्या वाटेवर पाऊस लागला. पिशव्या ओव्हनमध्ये ठेवायला घेतल्या तेव्हा अकरांवर फक्त निळे डाग होते. गवत होतं, वजनही करता आलं असतं, पण ते कुठल्या चौकटीतलं हे कोणालाच सांगता येईना. तोवर बाहेरचं गवत वाळायला लागलं होतं, पुन्हा कापायला काही उरलं नव्हतं. ते अकरा प्लॉट सोडून द्यावे लागले. म्हणून पेन्सिल वापरा, ती पाण्याने पुसट होत नाही. एक चिठ्ठी पिशवीत, तोच नंबर पिशवीवर, तोच वहीत, आणि घरी निघण्यापूर्वी वहीच्या पानाचा फोटो.

वाळवलेल्या नमुन्याचं वजन दर वेळी वेगळं येत असेल तर काटा बिघडला असं लगेच समजू नका. पिशवी ७० अंशांवर ४८ तास राहिली होती का? ओव्हनमध्ये आणखी एक दिवस ठेवून पुन्हा वजन करून बघा. कमी भरलं तर अजून ओल आहे. जास्त भरलं तर ओव्हनमधून काढल्यावर ती उघड्यावर राहिली आणि श्रावणातल्या हवेतली ओल शोषून बसली. डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, मग लगेच तोला. पानांचं क्षेत्रफळ काढायचं असेल तर उलट काळजी घ्यावी लागते: पान ओल्या कागदात गुंडाळून बंद पिशवीत आणा. कोमेजलेलं पान आकसतं आणि आकडा कमी येतो.

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठावर काम असेल तर एकट्याने खाली उतरू नका, तिथे मगरी आहेत.

आणि काम सोडताना गुपचूप निघून जाऊ नका. पुढच्या मुलीला किंवा मुलाला समोर बसवा, एक पिशवी उघडा, तिचा नंबर वहीत शोधायला सांगा, वहीतून एक्सेलमध्ये. तुमच्याकडे न बघता तिला तो सापडला, की निघायला हरकत नाही.