टीममधला 'नाही' म्हणणारा माणूस कसा सांभाळायचा (तांग दरबाराची ट्रिक)

मॅनेजर झालात की सगळे तुमच्या फालतू जोकवर पण हसायला लागतात, आणि नेमकी तिथूनच खरी खबर यायची बंद होते. यावर चीनच्या तांग घराण्यातल्या सम्राट ताइझोंगने (राज्यकाळ ६२६ ते ६४९) जे केलं ते उचलण्यासारखं आहे. सगळंच नको, हा गडी सख्ख्या भावाला मारून गादीवर बसलेला.

आधी माणूस कुठून आणायचा ते बघा. वेई झेंग हा त्याच मेलेल्या युवराज भावाचा सल्लागार, 'ताइझोंगचा वेळीच काटा काढा' असं त्याला सांगणारा. त्याला समोर उभं करून विचारलं की आम्हा भावाभावांत भांडणं का लावलीस, तर हा म्हणतो युवराजांनी माझं ऐकलं असतं तर आज त्यांच्यावर ही वेळ आली नसती. दुसऱ्या कोणी तिथेच मुंडकं उडवलं असतं, ताइझोंगने त्याला पद दिलं, ते पण राजाच्या चुका दाखवायचं अधिकृत पद. तर जुन्या बॉसच्या गटातला म्हणून कोणाला साइडला टाकू नका, आणि खोट काढणं हे याचं कामच आहे हे सगळ्यांसमोर सांगून टाका, नाहीतर मीटिंगमध्ये तो बिचारा एकटाच खडूस ठरतो.

मग राग गिळायची प्रॅक्टिस. गोष्ट अशी सांगतात की ताइझोंग ससाण्याशी खेळत होता, वेई येताना दिसला तसा पक्षी झटकन कपड्यात लपवला, वेई मुद्दाम लांबण लावत बसला आणि पक्षी आतच गुदमरून मेला. सम्राट गप्प!

गिळलेला राग कुठेतरी निघणारच, त्यासाठी एक शांत डोक्याचं माणूस जवळ हवं. एकदा ताइझोंग महालात येऊन वेईबद्दल 'या गावंढळाला एक दिवस मारणार' म्हणून फणफणला, तर महाराणी झांगसुन आत जाऊन दरबारी पोशाख घालून आली आणि चक्क अभिनंदन केलं, मंत्री इतकं खरं बोलतो म्हणजे राजा शहाणा असणार. भडकून टाइप केलेला मेल आधी अशा माणसाला दाखवा.

आणि असे दोन-तीन जण ठेवा, एकावर भागत नाही. वेई ६४३ मध्ये वारला, ताइझोंग म्हणाला माझा आरसा गेला, आणि पुढे कोणीतरी कान भरले तर त्याच्याच समाधीचा शिलालेख पाडून टाकला. ६४५ मध्ये कोरियाकडच्या गोगुर्यो राज्यावर स्वारी केली, थंडी पडली, रसद संपत आली, मागे फिरावं लागलं. तेव्हा म्हणाला वेई असता तर मला जाऊच दिलं नसतं, आणि तो शिलालेख परत उभा करायला लावला.